नांदूरघाटच्या जुन्या वाड्यांतील आश्विनाचीं कामें

भाद्रपद सरत आला आणि उत्तरा नक्षत्र निम्में झालें, म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं कामांची अशी गर्दी उडते कीं, कोणतें काम आधीं हातीं घ्यावें व कोणतें मागें ठेवावें हें ठरवितांनाच निम्मा दिवस निघून जातो. एकीकडे खरिपाचें पीक कापणीस आलेलें असतें, दुसरीकडे रब्बीची जमीन पेरणीची वाट पाहत असते, आणि या दोहोंच्या मध्यें घर, गोठा, खळें व धान्याचीं ठिकाणें हीं सारीं दुरुस्ती मागत उभीं असतात. वर्षाच्या बारा महिन्यांत शेतकऱ्याची खरी परीक्षा पाहणारा महिना कोणता, असें कोणीं विचारल्यास आम्ही आश्विनाचें नांव घेऊं. ज्येष्ठांत चुकलेलें काम आषाढांत थोडेंबहुत सावरतां येतें. आश्विनांतली चूक मात्र वर्षभर पुरते.

सन २०२५ चा आश्विन महिना आम्हीं नांदूरघाट येथील आमच्या जुन्या घरीं काढला. त्या महिन्यांत काय केलें, काय चुकलें आणि त्या चुकीपासून काय उमगलें, हें जसेंच्या तसें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे. यांत नवा शोध कांहींच नाहीं. परंतु जुन्या घरांतील पुष्कळशा गोष्टी आतां सांगणारीं माणसेंच उरलीं नाहींत. म्हणून त्या लिहून ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गांव आणि घर

नांदूरघाट हें गांव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगररांगांच्या मुलखांत आहे. उंचवट्यावर मुरमाड, हलकी माळजमीन आणि सखल भागांत काळी, खोल जमीन, असा या बाजूचा प्रकार असून एकाच शेतकऱ्याकडे बहुधा दोन्ही तऱ्हेचे तुकडे असतात. जिल्ह्याचें सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारें साडेसहाशे मिलीमीटर, तेंही बेभरंवशाचें. मांजरा नदी याच जिल्ह्यांत बालाघाटांत उगम पावते आणि केज तालुक्यांतील धनेगांव येथें तिच्यावर धरणही आहे. परंतु आमच्यासारख्या कोरडवाहू शेतकऱ्याची नजर धरणापेक्षां आभाळाकडेच अधिक असते.

आमचा वाडा पणजोबांच्या वेळचा. त्या काळीं हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपेपर्यंत येथील कागदपत्रें फसली सनांत लिहिलीं जात. फसली सन म्हणजे पिकाचा सन. हैदराबाद संस्थानांत त्याचा आरंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत होई. १३५७ फसली म्हणजे इ. स. १९४७-४८. आमच्या घरच्या चोपड्यांतही हीच सनावळी आहे. वर्षाचा आरंभच मुळीं कापणी-पेरणीच्या दिवसांत धरणारांनीं घरही त्याच हिशेबानें बांधलें होतें, हें आम्हांस यंदा प्रथम कळलें.

दाराशीं ढेळज, तींत दोन बैलगाड्यांचा माल राहील एवढी ऐसपैस जागा. आंत चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंस सोपे, मागें गोठा व आड. वर सागवानी तुळयांवर तोललेलें मातीचें माळवद. भिंती इतक्या जाड कीं त्यांच्या पोटांतच धान्याचें बळद केलेलें आहे. अशा घरांत सध्यां एकट्या आमच्या काकू राहतात. काका वारल्यावर आम्ही भावंडें पुण्यास व छत्रपति संभाजीनगरास नोकरीनिमित्त स्थायिक झालों. शेती एका वाटेकऱ्याच्या साहाय्यानें काकूच पाहतात. त्यांचें वय आतां पाऊणशें वर्षांचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत जुन्या लांकडाचा एक व्यापारी घर पाहून गेला आणि सागवानास बरी किंमत देऊं म्हणाला. वाडा उतरवावा, लांकूड विकावें, जमीन ठोक्यानें द्यावी आणि काकूंना शहरांत न्यावें, असा आम्हां भावंडांचा विचार जवळजवळ ठरलाच होता. पक्का निर्णय दिवाळीस सर्वांनीं जमून घ्यावयाचा होता. तोंपर्यंतचा एक हंगाम कोणीतरी काकूंजवळ राहून उरकावा, म्हणून आम्ही घटस्थापनेच्या दोन दिवस आधीं नांदूरघाटास आलों. घर मोडावयाचें मनांत ठेवून आम्ही तेथें गेलों होतों, हें येथें स्पष्ट सांगितलेलें बरें.

माळवदाची निगा

काकूंनीं पहिलें काम सांगितलें तें माळवदाचें. तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर लांकडाच्या चिपा, त्यांवर पाला, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती, अशी माळवदाची रचना असते. खाऱ्या मातींत गवत सहसा रुजत नाहीं व ती पाण्यानें घट्ट बसते, म्हणून ती मृगापूर्वीं अंथरतात. पावसाळा ओसरूं लागला कीं, वर उगवलेलें चुकार गवत मुळासकट उपटावें, भेगांत खारी माती भरून ती चोपावी आणि पन्हळी साफ कराव्या. पिंपळा-वडाचें रोप दिसल्यास तें कोंवळें असतांनाच काढावें. एकदां मूळ भिंतींत शिरलें म्हणजे घर त्याचें होतें.

आम्हीं गवत उपटलें, भेगा भरल्या, परंतु मागील बाजूची पन्हळ साफ करण्याचें काम उद्यांवर टाकलें. शिडी तेथवर नेणें अवघड होतें व ऊनही चढलें होतें. हा उद्यां पुढें कसा अंगाशीं आला, तें यथावकाश सांगूं.

बळद व पेव

दुसरें काम बळदाचें. बळद वरून, माळवदाच्या तोंडानें भरावयाचें आणि खालच्या लहान झडपेंतून लागेल तसें धान्य काढावयाचें. त्यामुळें जुनें धान्य आधीं निघतें आणि नवें मागें राहतें. शहरांतील मोठमोठ्या कोठारांनीं कटाक्षानें पाळावा असा हा नियम आमच्या पूर्वजांनीं भिंतीच्या पोटांत बांधून ठेवला होता. शाळूची ज्वारी येथें माघ-फाल्गुनांत येते. म्हणून आश्विनांत बळदाचा तळ तपासून होळीपर्यंत घरास व गड्यास पुरेल इतकें धान्य आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय एक पायलीही विकावयाची नाहीं, असा काकूंचा दंडक आहे.

धान्य बाहेर काढून उन्हांत वाळविलें. ज्वारीस सोंडे व कडधान्यास भुंगेरे लागतात, ते मुख्यतः धान्यांत ओल राहिल्यामुळें. दाणा दातांखालीं कट्कन फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा. आतांच्या हिशेबानें साठवणीच्या धान्यांतील ओल सुमारें १० टक्क्यांवर असूं नये. बळद आंतून शेणामातीनें सारवून पूर्ण सुकूं दिलें, मग तळाशीं वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून धान्य परत भरलें. पाला ओला घालणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं तो न घातलेला बरा.

ज्यांच्याकडे अद्याप जमिनींतील पेव आहे, त्यांस एक सूचना कळकळीनें करावीशी वाटते. पेव उघडल्याबरोबर आंत माणूस उतरवूं नये. बंद पेवांत धान्याच्या श्वासोच्छ्वासानें कर्बवायु सांचतो. तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं राहतो आणि त्यास वासही नसतो. पेवाचें तोंड उघडून तें पुष्कळ वेळ मोकळें ठेवावें, मग पेटता कंदील दोरीनें तळापर्यंत सोडावा. कंदील विझला तर आंत उतरणें म्हणजे मरणास बोलावणें होय. कंदील जळत राहिला तरीही उतरणाराच्या कमरेस दोर बांधून दोन माणसें वर उभीं ठेवावीं.

घट आणि बियाण्याची परीक्षा

२२ सप्टेंबर रोजीं घट बसले. आमच्याकडे शेतांतील काळी माती आणून पत्रावळीवर पसरतात, मध्यें मातीचा घट ठेवतात आणि सभोंवतीं धान्य पेरतात. काकू या घटांत रब्बीस पेरावयाची शाळूच मुद्दाम टाकतात. नऊ दिवसांत रोपें कशीं येतात हें पाहून बियाणें ठेवावें कीं बदलावें हें त्या ठरवीत आल्या आहेत. देवाचें देवाला पोंचतें आणि बियाण्याची परीक्षाही होते.

यंदा आम्हीं त्यास मोजणीची जोड दिली. त्याच ज्वारीचे न निवडतां सरसकट १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनें मांडले, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवलें व रोज पाणी शिंपडलें. आठवड्यानें उघडून पाहिलें तों ८५ दाण्यांस चांगले कोंब आले होते. ज्वारीचें बियाणें शेंकडा ७५ उगवलें तर पेरण्यास योग्य समजतात. तेव्हां आमचें बियाणें उत्तम ठरलें. सोयाबीनला हीच परीक्षा उन्हाळ्याच्या अखेरीस, पेरणीपूर्वीं घ्यावी. त्यास निदान ७० उगवण पाहिजे; थोडी कमी भरल्यास त्या प्रमाणांत एकरी बियाणें वाढवावें. सोयाबीन हें स्वपरागसिंचित पीक असल्यामुळें सुधारलेल्या वाणाचें घरचें बीं नीट जपल्यास दोन-तीन वर्षें सहज चालतें, व दरवर्षीं पिशव्या विकत घेण्याचा खर्च वांचतो. घरचें बीं जपावयाचें म्हणजे मात्र कापणीपासूनच जपावें लागतें. आणि तेथेंच आम्हीं ठेंच खाल्ली.

कापणी आणि पाऊस

त्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर पावसानें काय आकांत मांडला, हें वाचकांस ठाऊकच आहे. ज्या मुलखानें १९७२ चा दुष्काळ भोगला, त्याच मुलखांत नद्यांनीं पात्रें सोडलीं, शेतेंच्या शेतें खरवडून गेलीं आणि उभीं पिकें पाण्याखालीं कुजलीं. घटस्थापनेच्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं पावसाची झोड होती. २४ तारखेस उघडीप मिळाली. आमचा माळावरचा सोयाबीनचा तुकडा हलक्या जमिनीचा. त्यांतील पाणी लवकर ओसरलें आणि शेंगाही पिवळ्या पडून वाळल्या होत्या. २५ व २६ तारखेस माणसें लावून तो कापून घेतला.

काकू म्हणाल्या, "कापलेलं रानात ठेवू नका. ढेळज मोकळी आहे, सोपे मोकळे आहेत. चिखल झाला तर होऊ द्या, माल घरात आणा."

आम्हांस तें जुन्या वळणाचें वाटलें. मळणीयंत्र दुसऱ्या दिवशीं येणार होतें. घरीं वाहून न्यावयाचें, पुन्हां बाहेर काढावयाचें, हा दुहेरी हेलपाटा कशास? असा विचार करून आम्हीं काकूंचा मान राखण्यापुरता तिसरा हिस्सा गाडीनें घरीं पाठविला आणि बाकीचें शेतांतच ढीग करून वर ताडपत्री ओढली. ढिगाखालीं काटक्यांचा थर घातला नाहीं. भोंवतीं चर खणला नाहीं. जागाही सपाट, किंबहुना किंचित् खोलगटच होती.

२७ तारखेस मळणीयंत्र आलें नाहीं. पाऊस मात्र आला, आणि तो दोन दिवस हटला नाहीं. पहिल्या रात्रीं मध्यरात्रीच्या सुमारास मधल्या सोप्यांत ठिबक लागली. काकूंनीं हांक मारली, "बाळा, बळदाच्या अंगाला पाणी येतंय." आम्ही विजेरी घेऊन वर गेलों तों मागच्या बाजूस माळवदावर वीतभर पाणी तुंबलेलें. जी पन्हळ आम्हीं उद्यांवर टाकली होती, तींत कडुनिंबाचा पाला व चिखल गच्च बसला होता. मातीच्या छपरावर पाणी सांचणें म्हणजे त्यावर शेंकडों मणांचें ओझें ठेवण्यासारखें आहे. अतिवृष्टींत जुनीं घरें खचतात त्याचें एक मोठें कारण हेंच. पालथें पडून, दंडापर्यंत हात घालून आम्हीं पन्हळ मोकळी केली. पाणी खालीं चौकांत धो धो पडूं लागलें, तो आवाज अजून कानांत आहे. वाटेकरी मामा खाऱ्या मातीचीं दोन पोतीं पाठीवर घेऊन शिडीनें वर आले व ज्या भेगेंतून पाणी जात होतें ती आम्हीं तिघांनीं चोपून बुजविली. तिसऱ्या काकू. त्यांना वर येऊं नका म्हणून सांगितलें होतें. परंतु भेग नेमकी कोठें असेल हें त्यांनाच माहीत होतें.

बळदांतील ज्वारी वांचली. शेतांतील ढीग वांचला नाहीं. पाऊस उघडल्यावर ताडपत्री काढली तेव्हां आंतून वाफ निघाली; हात घातला तर चटका बसे. खालून पाणी वाहून गेलें होतें आणि वरून हवा बंद. तळच्या शेंगांतील दाण्यांस कोंब फुटले होते, मधल्या थरावर बुरशी होती. वरचा थोडा भाग काय तो उपयोगाचा राहिला. ढेळजेंतला तिसरा हिस्सा मात्र कोरडा, खडखडीत होता. पुढील सालचें बीं आम्हांस त्यांतूनच मिळालें.

यावरून घ्यावयाचा धडा साधा आहे. कापलेलें सोयाबीन शक्य तर छपराखालीं न्यावें. तें जमत नसल्यास उंचवट्यावर, काटक्यांच्या किंवा तुराट्यांच्या थरावर लहान लहान ढीग घालावे, भोंवतीं चर काढावा आणि पाऊस थांबतांच ताडपत्री उघडून वारा लागूं द्यावा. मोठा ढीग आंतल्या आंत तापतो. आणि यंत्रवाल्याच्या शब्दावर आभाळाचा हिशेब करूं नये.

मळणी व विक्री

राहिलेला माल दोन दिवस उन्हांत पसरून मग मळला. बियाण्याचा हिस्सा वेगळा ठेवून यंत्राची गति कमी करावयास लाविली. ढोल मिनिटास चारशें ते पांचशें फेऱ्यांवर ठेवल्यास दाणा फुटत नाहीं. सोयाबीनच्या दाण्याचें टरफल फार नाजूक असतें. वरून दाणा चांगला दिसला तरी आंतला अंकुर दुखावलेला असतो. बियाण्याचीं पोतीं उंचावरून आदळूं नयेत व सहा-सात फुटांपेक्षां उंच थप्पी लावूं नये, याचें कारणही हेंच.

सन २०२५-२६ साठीं सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलास ५,३२८ रुपये जाहीर झालेली होती. परंतु ती चांगल्या, कोरड्या मालास. भिजलेला, डागी दाणा व्यापारी आपल्या मर्जीनें मागतो, आणि गरजू शेतकरी तो देऊन टाकतो. आम्हीं डागी माल वेगळा काढला व चांगल्यांत मिसळला नाहीं. मिसळला असता तर चांगल्याचाही भाव गेला असता.

जुन्या खळ्याची आठवण येथें सहज निघाली. खळें चोपून, शेणानें सारवून मध्यें तिवडा रोवावयाचा, त्याभोंवतीं बैलांची पात धरावयाची, वाऱ्याचा अंदाज घेऊन वावडीवर उभें राहून उफणावयाचें आणि रास झाल्यावर बलुतेदारांचें माप आधीं घालावयाचें. तें दिवस परत आणावे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत कष्ट अतोनात होते, आणि ते सर्वांच्या वांट्यास सारखे येत नव्हते. परंतु खळें ही गांवांतील एक पक्की, उंच, निचऱ्याची जागा होती. यंत्र आलें आणि खळें मोडलें. माल मात्र अजून कोठें तरी ठेवावाच लागतो.

रब्बीची पेरणी

रब्बी ज्वारीच्या पेरणीचा शिफारस केलेला काळ साधारणपणें १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार आधीं पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव होतो, फार उशीर केल्यास दाणा भरण्याच्या वेळीं ओल कमी पडते. त्या वर्षीं हस्त निम्मा सरला तरी काळ्या रानांत पाय रुतत होता. मामा रोज सकाळीं मुठींत माती घेऊन दाबीत व टाकून पाहत. ढेंकूळ पडतांच फुटलें पाहिजे, तोच खरा वाफसा. वाफसा नसतांना तिफण घातली तर मागें चिखलाच्या लाद्या निघतात आणि बीं त्यांत कोंडून मरतें. कोजागिरी झाली, चित्रा नक्षत्र लागलें, तेव्हां कोठें रान पेरणीस आलें.

जमिनीची वांटणी काकूंनींच केली. खोल काळ्या रानांत चार एकर शाळू, मध्यम रानांत हरभरा. शेजारीपाजारीं ज्वारी पेरणारे कमी झाले आहेत; काढणीस मजूर मिळत नाहीं, पांखरें राखावयास पोर मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें, व तें खरेंही आहे. परंतु काकूंचा हिशेब निराळा. "दाणा माणसाला, कडबा जनावराला, दुसरं कोणतं पीक दोघांना घालतं?" असा त्यांचा प्रश्न. यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

वाण मालदांडी. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर निवड होऊन आलेला हा वाण कित्येक दशकें या पठाराचा मानकरी राहिला आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) व राहुरीच्या विद्यापीठानें त्यानंतर जमिनीच्या खोलीप्रमाणें निरनिराळे वाण दिले आहेत, आणि नवें बियाणें घेणारांनीं त्यांचा अवश्य विचार करावा. एकरीं चार किलो बीं पुरे. काणी रोग टाळण्यासाठीं दर किलोस चार ग्रॅम बारीक गंधक चोळावें, दोन ओळींत दीड फुटाचें अंतर राखावें आणि बीं दोन-अडीच इंच खोल, ओलींत पडेल असें पाहावें. पुढें तीन कोळपण्या द्याव्या: पहिली तिसऱ्या आठवड्यांत फटीच्या कोळप्यानें, दुसरी पांचव्यांत पासेच्या कोळप्यानें, तिसरी आठव्यांत दातेरी कोळप्यानें. कोळपण्यानें तण जातें, शिवाय जमिनीच्या भेगा बुजून आंतली ओल आंतच राहते. एक कोळपणी व अर्धें पाणी, असें जुने लोक म्हणत आले ते उगाच नव्हे. हरभऱ्यास ट्रायकोडर्मा व जिवाणुखत चोळून पेरलें.

वैरण, फळें व घरचीं कामें

याच दिवसांत डोंगरउतारावरील गवत कापावें लागतें. पवना व मारवेल फुलोऱ्यांत असतांना कापून वाळविल्यास उत्तम वैरण होते. कुसळी गवत मात्र कुसळें धरण्यापूर्वींच कापावें. मागून तें जनावरांच्या तोंडास व हिरड्यांस टोंचतें. आमच्या गोठ्यांत आतां एक देवणी गाय व मामांची बैलजोडी एवढेंच गोधन आहे. सोयाबीनचें कोरडें भूस त्यांस कडब्याबरोबर मिसळून घालतां येतें. बुरशी धरलेलें मात्र आम्हीं खतांत टाकलें.

बालाघाटाचें सीताफळही याच सुमारास येतें. बीडच्या सीताफळास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. फळाच्या खवल्यांमधील खोलगट भाग पिवळट-पांढरा होऊन डोळे उघडले म्हणजेच तें तोडावें. त्याआधीं तोडलेलें फळ नुसतें काळें पडतें. आमच्या बांधावरचीं चार झाडें पोरांनींच वाटून घेतलीं.

या सर्व कामांबरोबर बायकांचें काम चालूच होतें. तें कोणत्याही नोंदवहींत चढत नाहीं. मूग-उडदाची निवडणी, बियाण्याची पारख, भिंतींस पांढऱ्या मातीचा हात, चौकाचें सारवण, आणि या सर्वांवर रोजचा स्वयंपाक. शेतीच्या जमाखर्चांत या श्रमाची किंमत धरली तर पुष्कळांचा नफा कागदावर तोटा दिसेल.

माणसांची उणीव

दसरा २ ऑक्टोबरला झाला आणि गांवांतील वस्त्या रिकाम्या होऊं लागल्या. बीड जिल्हा हा ऊंसतोड मजुरांचा जिल्हा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं, ज्यांस त्या धंद्यांत एक कोयता असें म्हणतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे कारखान्यांवर जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. आमचें सोयाबीन कापणाऱ्यांपैकीं दोन जोडपीं अशींच गेलीं. निघतांना त्यांनीं आपल्या घरच्या ज्वारीचीं दोन पोतीं काकूंच्या बळदाशेजारीं आणून ठेविलीं. त्यांच्या पत्र्याच्या घरांत पाणी शिरलें होतें. म्हातारी मागें राहणार होती. तिला लागेल तसें काकूंनीं काढून द्यावें, एवढेंच सांगून तीं गेलीं. पावती नाहीं, भाडें नाहीं.

आम्हीं तोंपर्यंत वाड्याची किंमत सागवानाच्या घनफुटांत करीत होतों. तीं दोन पोतीं पाहून आमच्या हिशेबांत एक रकाना राहून गेल्याचें ध्यानांत आलें.

दिवाळीचा निर्णय

दिवाळीस भावंडें जमलीं. आम्हीं झालेला सर्व प्रकार सांगितला: शेतांत गेलेला माल, ढेळजेंत वांचलेला माल, माळवदाची रात्र आणि दुरुस्तीस लागणारा खर्चही. हा खर्च लहान नाहीं. मागील भिंत उपसून बांधावी लागेल, दोन तुळया बदलाव्या लागतील. वाडा ठेवणें हा नफ्याचा व्यवहार आहे असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. थोरल्या बंधूंनीं विचारलें, "काकू एकट्या; रात्रीं पुन्हां पाणी आलें तर?" हा प्रश्न रास्त होता, आणि घराच्या प्रेमानें त्याचें उत्तर होत नव्हतें.

शेवटीं असें ठरलें कीं, लांकडाच्या व्यापाऱ्यास तूर्त नाहीं म्हणून कळवावें. तीन वर्षें वाडा ठेवून पाहावा. मृगापूर्वींचा एक पंधरवडा व आश्विनाचा पूर्ण महिना आळीपाळीनें कोणी तरी येथें राहावें. आणि ज्यानें हा नेम मोडला त्यानें त्या वर्षीं घराविषयीं मत देऊं नये. काकूंनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच म्हटलें, "येणाऱ्यानं पन्हळ आधी बघावी."

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांकडे अशीं जुनीं घरें असतील, पुष्कळांचीं पडलीं असतील. सर्वांनींच तीं राखावीं, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु घर मोडण्यापूर्वीं तें काय काय काम करीत होतें याची यादी करावी, आणि तें काम पुढें कोण करणार याची सोय आधीं लावावी. ज्या गांवीं ढेळजा उरल्या नाहींत, तेथें दहा-पंधरा शेतकऱ्यांनीं मिळून उंच जागीं एक सामाईक ओटा व त्यावर साधें पत्र्याचें छप्पर उभारावें. हस्ताचा पाऊस यापुढेंही येईल. तो आपल्यास विचारून येणार नाहीं.

हा लेख लिहून पुरा होत असतांना मामांचा निरोप आला आहे कीं, शाळू गुडघाभर झाली असून दुसरी कोळपणी आटोपली.